लाईट गेली तरी वाजणारी गिटार

मालवणात ऑक्टोबरचं ऊन तापलंय. चिवल्याच्या किनाऱ्यावर रापणीची जाळी सुकतायत, त्यांचा वास इथे पडवीपर्यंत येतोय. काका बाकड्यावर ठेवलेल्या लांब काळ्या पेटीच्या कड्या उघडतात. आत लालभडक एपिफोन डॉट.

"आधी हातात घे, दामाचा मगे बोलूया," ते माझ्या भाच्याला सांगतात.

काकांनी लग्नाच्या बँडमध्ये उभी हयात काढली आहे. सांधे आता साथ देत नाहीत. "बोटां आयकनत नाय रे. पेटीत पडान ऱ्हवली तर सडान जायत."

भाचा लगेच वाजवायला बघतो. मी त्याला थांबवतो. या हवेत पावसाळाभर धो धो पाऊस आणि बाराही महिने खारा वारा. इथे गिटार आधी डोळ्यांनी तपासायची. नटामागे, जिथे मान डोक्याला जुळते, तिथे नख फिरवतो. या घडणीच्या गिटारी पडल्या की बहुधा तिथेच तडकतात. हिला तडा नाही. मग मोबाईलचा टॉर्च एफच्या आकाराच्या खाचेत धरतो. आत मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा दिसतो आणि कुठेही सांधा सुटलेला नाही. भाचा बोटाच्या पेराने पाठ ठोकून बघतो, नारळ निवडताना ठोकतात तशी. मध्ये ठस्स, दोन्ही कडांना पोकळ.

या ठोकळ्यातच सगळी करामत आहे. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या अ‍ॅम्पसमोर धरली की तिची पोकळी स्पीकरच्या आवाजाने थरथरते आणि फीडबॅकची शीळ सुरू होते. गिब्सनने 1958 साली ईएस-335 आणली, तिच्या पोटात मेपलचा ठोकळा बसवला आणि दोन्ही बाजू पोकळ ठेवल्या. शीळ बरीच आवरली, सुरातली ऊब राहिली. एपिफोन 1957 पासून गिब्सनच्याच मालकीची. डॉट ही त्याच घडणीची, खिशाला परवडणारी बहीण.

आता मान. पहिल्या फ्रेटवर एक बोट, शेवटाकडे दुसरं. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट राहते. पावसाळे खाऊनही मान सरळ आहे, म्हणजे काकांनी निगा राखली आहे. पहिल्या तीन फ्रेटांवर मात्र बारीक तारांखाली खळगे पडलेत. तारा तर गंजलेल्याच. त्यांची किंमत धरायची नाही. बाराव्या फ्रेटवर जाड तार किंचित चढी लागते. ब्रिजवरचं खोगीर मागे घ्यायला हवं, पण त्याचा स्क्रू गंजाने धरलाय. काका आतून शिलाई मशीनचं तेल आणतात. थेंबभर तेल, थोडी वाट, आणि स्क्रू फिरतो.

अ‍ॅम्पची पिन मी फ्रीजच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावायला सांगतो. जुन्या घरांत सगळ्याच सॉकेटना अर्थिंग नसतं, आणि बिघडलेल्या अ‍ॅम्पला जोडलेल्या तारांना तिथे हात लावणं जिवावर बेतू शकतं. हमबकर पिकअप स्वच्छ बोलतात. पण मागच्या पिकअपचा व्हॉल्यूम फिरवला की खरखर, मध्येच आवाज गायब.

"हां, ता दुखणा आसा तिका," काका स्वतःहून मान्य करतात. मला माणूस आवडतो.

हे दुखणं वाटतं तेवढं किरकोळ नाही. बहुतेक भरीव गिटारींना मागून झाकण असतं किंवा वरची पट्टी उघडता येते. इथे तसं काही नाही. सगळं वायरिंग दोरे बांधून त्या अरुंद खाचेतून बाहेर ओढायचं आणि तसंच परत बसवायचं. कारागिराचा अख्खा दिवस जातो. काका चोवीस हजार म्हणतात. मी हा दिवस आणि फ्रेटांचं काम मोजून दाखवतो. ते मान हलवत ऐकतात.

तेवढ्यात लाईट जाते. अ‍ॅम्प मुका, पंखा थांबतो. भाचा मात्र वाजवतच राहतो आणि त्या पोकळ बाजूंमधून सूर पडवीभर ऐकू येतात, हळू पण स्पष्ट. भरीव गिटार असती तर तारांची नुसती टिकटिक उरली असती. पावसात रात्र रात्र वीज नसणाऱ्या आमच्या भागात शिकणाऱ्या पोराला याहून सोयीची इलेक्ट्रिक गिटार मला ठाऊक नाही.

"एकवीस दी. पण रोज वाजव, आणि वाजवून झाल्यार तारा पुसूक इसरा नको."

भाचा पैसे मोजतो. काका पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून देतात.

किनाऱ्यावर अशी जुनी अर्धपोकळ (सेमी-हॉलो) गिटार घ्यायला निघाला असाल तर दिवसाउजेडी जा, टॉर्च न्या, प्रत्येक बटण फिरवून बघा आणि अ‍ॅम्प बंद करूनही ऐका. मान सरळ असेल आणि ठोकळा शाबूत असेल तर गंजलेल्या तारांकडे बघून माघारी फिरू नका.