बापाविना जन्मणारी घोरपड

जगातील सर्वांत मोठी घोरपड, म्हणजेच कोमोडो ड्रॅगन, इंडोनेशियातील कोमोडो, रिंका, फ्लोरेस आणि लगतच्या एक-दोन लहान बेटांवरच आढळते. पूर्ण वाढलेला नर तीन मीटरपर्यंत लांब असतो आणि त्याचे वजन साधारण ७० किलो भरते. आपल्याकडची घोरपड ही त्याचीच धाकटी भावंड.

मादी सप्टेंबरच्या सुमारास वीसेक अंडी घालते, पुष्कळदा रानकोंबडीसारख्या एका पक्ष्याने रचलेल्या मातीच्या ढिगात. सात-आठ महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि थेट झाड गाठतात, कारण जमिनीवरची मोठी घोरपड त्यांनाही गिळते. पहिली काही वर्षे ती झाडांवरच राहून किडे, पाली खातात. वयात यायला आठ-नऊ वर्षे लागतात.

२००६ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयातील एका मादीने नराशी संबंध न येताच पिल्ले होऊ शकणारी अंडी घातली. या घोरपडीत मादीची लिंगगुणसूत्रे झेड-डब्ल्यू, तर नराची झेड-झेड असतात. एकट्या मादीच्या अंड्यात झेडची जोडी जमली तर नर होतो. डब्ल्यूची जोडी जगत नाही. म्हणून बापाविना झालेली सगळी पिल्ले नरच असतात.

तिच्या लाळेतील जंतूंनी सावज मरते, असे दीर्घकाळ मानले जाई. २००९ मध्ये ब्रायन फ्राय व सहकाऱ्यांनी तिच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे दाखवले. हे विष रक्त गोठू देत नाही आणि रक्तदाब उतरवते. करवतीसारख्या दातांच्या खोल जखमेला त्याची जोड मिळते. चावा घेतलेली म्हैस घाणेरड्या डबक्यात शिरते. जखम चिघळते ती बहुधा त्या पाण्यामुळे.

वाढते तापमान आणि चढता समुद्र यांमुळे २०२१ मध्ये कोमोडो ड्रॅगनची नोंद 'संकटग्रस्त' म्हणून झाली. आपल्या घोरपडीला मात्र माणसाचे गैरसमजच अधिक नडतात. तिचे तेल सांधेदुखीवर चोळले जाते, तर नराची वाळवलेली जननेंद्रिये 'हत्ताजोडी' नावाची मुळी म्हणून विकली जातात. तेलाने झिजलेला सांधा भरून येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिची शिकार व विक्री गुन्हा आहे. गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना दाखवावे. घोरपडीला तिच्या बिळात सुखाने राहू द्यावे.