क्लच बिघडला म्हणजे प्लेटच गेली का?

जुनी जीप चढावर दमली, की मालकाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि बहुतेकांचा निकाल एकच असतो – ‘क्लच प्लेट गेली!’ मग गिअरबॉक्स उतरते, गाडी आठवडाभर गॅरेजात पडून राहते, खिसा हलका होतो. आणि कित्येकदा दोष निघतो तो एका झिजलेल्या पिनेत. म्हणून वाचकहो, खर्चाला हात घालण्यापूर्वी थोडे निदान करावे.

१९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे ही गाडी खेडोपाडी पोचली. आमच्या नगर जिल्ह्यात – २०२४ पासून अहिल्यानगर – तिच्या क्लचची परीक्षा पाहायला घाट आहेतच. पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट घ्या, नाही तर संगमनेरहून पुण्याकडे जाताना लागणारा चंदनापुरी.

या जुन्या जीपचा क्लच तेलाच्या दाबावर चालत नाही. पेडल दाबले की खालची आडवी नळी फिरते, तिची भुजा केबल ओढते, केबल फोर्कला ओढते आणि फोर्क बेअरिंग पुढे ढकलून प्लेट सोडवतो. पाय आणि प्लेट यांच्यात असे चार-पाच सांधे आहेत. वाक्यातले शब्द बरोबर असूनही अन्वय चुकला की अर्थ अडतो. इथेही तेच होते.

पहिली परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून पेडल हाताने दाबा. सुरुवातीची पाऊण ते एक इंच चाल मोकळी हवी. चाल मुळीच नसेल तर प्लेट पुरती पकडत नाही. चढावर इंजिन ओरडते, वेग वाढत नाही, जळका वास येतो. उलट चाल फार असेल तर प्लेट पुरती सुटत नाही आणि पहिला गिअर टाकताना करकर होते. उपाय केबलच्या टोकाशी आहे. चेकनट सैल करून केबल लांब केली की चाल वाढते, आखूड केली की कमी होते.

मात्र एक फसगत ध्यानात ठेवावी. प्लेट झिजली की मोकळी चाल घटते. सांधे झिजले की ती वाढते. दोन्ही एकदम झिजले तर पेडल अगदी शहाण्यासारखे वागते आणि रोग लपून राहतो! म्हणून चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवून, एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने खालून पाहावे. कोणती पिन डुलते, नळीची टोके हलतात का, केबलचे तार तुटू लागले आहेत का, इंजिनच पुढे सरकते का, हे तपासावे. इंजिन सरकत असेल तर त्याची रबरे आणि त्याला रोखणारी तारही पाहावी.

हे सारे ठीक असूनही क्लच घसरला, तरच गिअरबॉक्स उतरवण्याला अर्थ आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन शिर्डीला निघण्याआधी एवढी अर्ध्या तासाची तपासणी अवश्य करावी. मागे मालट्रकांची रांग असताना भर घाटात केबल तुटणे परवडणारे नाही. आणि चालवताना डावा पाय उगाच पेडलवर टेकवून ठेवू नये. त्या सवयीने बेअरिंग आणि प्लेट दोन्ही अकाली जातात.