दहा बाय दहाची खोली कॅमेऱ्यात मावते कशी?

शिरूर असो की दौंड, फर्निचरचं काम आटोपलं की वास्तुशांतीच्या आधीच घराचा व्हिडिओ निघतो. फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, टीव्ही युनिट, सगळं फिरून दाखवायचं. पण डोळ्यांना झकास दिसणारा हॉल मोबाइलमध्ये काळवंडतो, नाहीतर खिडकी पांढरीफटक पडते. कॅमेरा भिकार आहे का? छे!

भर दुपारी बाहेर लाखभर लक्स उजेड असतो आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात जेमतेम शे-दोनशे. पाचशे पटीहून जास्त फरक, तोही एकाच चौकटीत! मग आपल्याला दोन्ही कसं दिसतं? कारण आपण खोली एकदम पाहतच नाही. नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते, जिथे पडेल तिथल्या उजेडाशी जुळवून घेते आणि मेंदू त्या तुकड्यांची बेमालूम गोधडी शिवतो. कॅमेऱ्याला ही चैन नाही. एका क्षणी अख्ख्या चित्राला एकच माप.

म्हणून जाणकार कातरवेळेची वाट बघतात. बाहेरचा उजेड उतरत उतरत आतल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो. आपल्याकडे हा खेळ काही मिनिटांत उरकतो. तेवढ्यात हॉल उरकायचा!

दिवे लागले की नवं कोडं. पडद्यावर काळे पट्टे सरकू लागतात. आपली वीज ५० हर्ट्झची. प्रवाह सेकंदाला ५० वेळा इकडे, ५० वेळा तिकडे जातो, म्हणून साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. आपल्याला पत्ताही लागत नाही! कॅमेरा मात्र चित्र ओळीओळीने टिपतो. काही ओळी उजळ क्षणी सापडतात, काही मंद. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा, प्रत्येक ओळीच्या वाट्याला पूर्ण लहरी येतात आणि पट्टे गायब. आहे की नाही जादू?

सिनेमाच्या सुरुवातीच्या काळात दादासाहेब फाळक्यांचं दुखणं उलटं होतं. फिल्मला इतका उजेड लागे की ‘राजा हरिश्चंद्र’चा (१९१३) महाल त्यांनी दादरला उन्हात उभारला. राजवाड्याच्या आत सूर्य! कृत्रिम दिव्यांची किमया बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सिंहगड’साठी (१९२३) करून दाखवली.

त्या मंडळींची एक सोय मात्र फ्लॅटवाल्याला कधीच मिळणार नाही. सेटला चौथी भिंत नसते, कॅमेरा तिथेच उभा राहतो. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये उभं कुठे राहणार? वाइड लेन्स लावावी तर कडेचं कपाट ताणून आडवं होतं. मग बिचारा कॅमेरावाला बाथरूमच्या दारात पाठ टेकून उभा राहतो आणि कॅमेरा नुसता हातभर बाजूला सरकवतो. जवळचा पलंग झरझर सरकतो, मागची भिंत संथ. तेवढ्या फरकावरून मेंदू खोलीची खोली मोजून मोकळा!