जिवाणूंचा वापर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जिवाणूंची 'उपयुक्त' आणि 'घातक' अशी कायमची वाटणी करता येते, हा त्यांच्याविषयीचा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात आणि दही लागते, इथवर कोणाची तक्रार नसते. पण ई. कोलाय म्हटले की दूषित पाणी आणि जुलाबच आठवतात. प्रत्यक्षात त्याचे बहुतेक प्रकार आतड्यात निमूटपणे राहतात. अशाच एका निरुपद्रवी प्रकाराकडून १९७८ मध्ये मानवी इन्शुलिन तयार करून घेण्यात आले, आणि १९८२ पासून ते रुग्णांना मिळू लागले. तोवर गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर भागवावे लागे.

प्लेगचा जिवाणू तरी निव्वळ घातक म्हणावा, तर मुंबईचाच इतिहास आड येतो. १८९६ मध्ये शहरात साथ पसरल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी हाच जिवाणू वाढवला, उष्णतेने मारला आणि त्याची लस केली. जानेवारी १८९७ मध्ये ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १९४० मध्ये जपानी लष्कराच्या 'युनिट ७३१'ने चीनमधील निंगबो शहरावर विमानातून प्लेगच्या पिसवा टाकल्या, त्यांतही हाच जिवाणू होता.

अशी अस्त्रे कराराने संपली, हाही भाबडा समज. जैविक अस्त्रांवर बंदी घालणाऱ्या १९७२ च्या करारावर सोव्हिएत संघाची सही होती. तरी १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्कच्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे बीजाणू निसटले आणि साठाहून अधिक माणसे दगावली.

बीटी कापसात जिवाणू असतात, असे पुष्कळांना वाटते. असतो तो मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा जनुक. त्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक प्रथिन बनवते. भारतात २००२ मध्ये या वाणांना परवानगी मिळाली. मात्र पुढे गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला दाद देईनाशी झाली. विदर्भातल्या कापूसकऱ्यांना ते वेगळे सांगायला नको.

अँटिबायोटिक म्हणजे जिवाणूंविरुद्ध माणसाने शोधलेले अस्त्र, हे अर्धेच खरे. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मिळाले ते मातीतल्या एका जिवाणूपासूनच. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर या औषधांचा काहीच परिणाम होत नाही. तरी ती सर्रास घेतली जातात. अशाने शरीराला औषधाची सवय होते असे म्हणतात, पण औषधाला जुमानेनासे होतात ते शरीरातले जिवाणू. हा गुण देणारे जनुक ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात.