विजेचा फोटो: बटण कोणी दाबायचं?

मे महिन्यात दुपार उलटली की लोहगड-विसापूरवर वळवाचे ढग जमतात. पवना धरणाच्या बाजूने विजेचा फोटो काढायचा म्हटलं, तर अडचण बोटाची आहे. वीज दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत निदान 0.2 सेकंद जातात आणि तोवर बहुतेक वेळा खेळ संपलेला असतो.

मग हे काम सर्किटलाच देऊ.

डोळा म्हणून फोटोट्रान्झिस्टर घ्या. एलडीआर स्वस्त असतो, पण फार सुस्त. त्याला कित्येक मिलिसेकंद लागतात, फोटोट्रान्झिस्टरला मायक्रोसेकंद पुरतात. त्याच्यापुढे 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. संध्याकाळचा हळूहळू बदलणारा उजेड तो अडवतो, अचानक आलेली चमक पुढे सोडतो. शेवटी ऑप्टोकपलर. तो कॅमेऱ्याच्या रिमोट सॉकेटमधल्या तारा जोडतो, की झालं बटण दाबून!

आता तुम्ही म्हणाल, चमक आल्यावर सर्किट जागं होणार, म्हणजे वीज हुकलीच ना? नाही. एका विजेत बहुधा तीन-चार तडाखे असतात, दोन तडाख्यांमध्ये साधारण 50 मिलिसेकंद. पहिला तडाखा बटण दाबतो, पुढचे फोटोत येतात. एकच तडाखा असेल तर मात्र ती वीज सुटते. फोकस मॅन्युअलच ठेवा, नाहीतर कॅमेरा फोकस शोधत बसेल.

खरा फायदा वेगळाच आहे. बटणापाशी तुम्ही उभं राहायची गरज नाही. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी गडावर थांबू नका. कॅमेरा घरातून, बंद खिडकीच्या काचेआडून लावा. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅपही बघत जा.