गेलेल्या पायाला पाय, गेलेल्या आवाजाला आवाज



सुगी आली की खटकचिंचोळी, भालकीपासून पलीकडे आळंदपर्यंत सगळ्या शिवारांत मळणी यंत्रांची धडधड सुरू होते. सोयाबीन, उडीद, मग तूर. याच दिवसांत यंत्रात हात सापडतो किंवा ट्रॅक्टर बांधावरून उलटतो. काहींचा पाय तर यंत्राशिवायच जातो. मधुमेहात पायाला काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी पाय कापावा लागतो. मग घरचेच म्हणू लागतात, "आता हा माणूस ओसरीवरचाच." असे मानण्याचे कारण नाही. अंगावर बांधून वापरण्याची पुष्कळ साधने आज आपल्या देशातच तयार होतात. त्यांची माहिती प्रत्येक घरात असावी.

कृत्रिम पाय आपल्याकडे नवा नाही. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी पुण्यात १९४४ साली लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले. पण त्या काळचा पाय परदेशी चालीरीतींना धरून बनवलेला असे. त्यावर बूट घालावा लागे आणि घोटा वळत नसे. बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्याला तो चाले. आपल्याला मात्र चिखलातून अनवाणी जायचे असते, भांगलताना उकिडवे बसायचे असते, जेवताना मांडी घालायची असते, प्रार्थनेत गुडघे टेकायचे असतात. म्हणून खेड्यातले लोक तो पाय घरी नेत, कोपऱ्यात ठेवून देत आणि पुन्हा कुबड्या घेत.

ही अडचण जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात ध्यानात आली. तेथे फारसे न शिकलेले एक कुशल कारागीर होते, रामचंद्र शर्मा. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासह त्यांनी १९६८ साली रबराचे पाऊल तयार केले. त्यात पुढचा भाग आणि टाच यांना स्पंजासारखे रबर, घोट्याशी लाकूड, आणि वरून कातडीच्या रंगाचे मजबूत रबर असते. हे सारे साच्यात घालून भट्टीत एकजीव करतात. हे पाऊल सर्व बाजूंना थोडे थोडे वळते, पाण्याने खराब होत नाही आणि त्याला बूट लागत नाही. वरच्या नळीसाठी पूर्वी ॲल्युमिनियम वापरीत. पुढे एचडीपीई नळी आली. शेतात पाणी नेण्यासाठी आपण वापरतो त्याच जातीची ही नळी आहे. ती तापवून माणसाच्या मापाच्या साच्यावर चढवतात.

१९७५ साली डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. ही संस्था जयपूर पाय विनामूल्य बसवून देते. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अपघातानंतर पाय गमावलेली मुंबईची नर्तकी सुधा चंद्रन पुढे हाच पाय बांधून पुन्हा रंगमंचावर नाचली.

आता आवाजाकडे वळू. तंबाखू, गुटखा आणि विडीमुळे घशाचा कर्करोग होतो. काही रुग्णांचे स्वरयंत्र काढावे लागते. मग श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून चालतो आणि आवाज जातो. अशांसाठी हातात धरून गळ्याला टेकवायचे एक विजेरीवरचे यंत्र मिळते. ते कंप निर्माण करते आणि ओठ व जीभ त्या कंपाचे शब्द करतात. दुसरा उपाय म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांमध्ये बसवलेली छोटी झडप. छिद्रावर बोट ठेवले की हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि आवाज उमटतो. परदेशी झडप हजारो रुपयांची असल्यामुळे बेंगळुरूचे कर्करोग शल्यतज्ज्ञ डॉ. विशाल राव यांनी 'ओम' नावाची अगदी स्वस्त झडप तयार केली.

अर्धांगवायूने वाचा गेलेल्या माणसासाठी तर घरीच साधन करता येते. एका पुठ्ठ्यावर पाणी, जेवण, औषध, दुखते, कूस बदला, लघवी अशी मोठी चित्रे काढा. रुग्ण बोटाने दाखवील. बोटही हलत नसेल तर एकेका चित्रावर हात ठेवून विचारा. एकदा पापणी मिटली तर 'हो', दोनदा मिटली तर 'नाही', असे ठरवून घ्या. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ साली गेला. नंतरच्या काळात ते गालाच्या बारीक हालचालीने संगणकावर अक्षरे निवडीत आणि यंत्र ती बोलून दाखवी. युक्ती तीच, साधन महागाचे. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे मात्र कधीही धरू नका.

पाय कापल्यानंतर पुढील गोष्टी सांभाळा :

१. गुडघ्याखाली उशी ठेवू नका. गुडघा आखडला तर कृत्रिम पाय नीट बसत नाही. पट्टी कशी बांधायची ते डॉक्टरांकडून शिकून घ्या.

२. उरलेला पाय रोज साबणाने धुऊन कोरडा करा. लाली किंवा फोड दिसला तर कृत्रिम पाय त्या दिवशी चढवू नका. आतला मोजा रोज धुवा.

३. वाढत्या मुलाचा पाय वरचेवर बदलावा लागतो. घट्ट झालेला पाय ओढूनताणून घालू नका.

४. मधुमेह असेल तर दुसरा पाय जपा. रोज तळवा पाहा. शेतात अनवाणी जाऊ नका.

आणि मुळात अवयव जाऊच नये म्हणून : मळणी यंत्राचे तोंड झाकलेले असावे, धोतर किंवा पदर खोचलेला असावा, आणि दमलेल्या माणसाला पेंढ्या लावायला उभे करू नये. धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा १९८३ सालीच झाला आहे. तरीही बोट तुटलेच, तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. त्या भागाला थेट बर्फ लावू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा.

साधनांसाठी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. कानपूरचा सरकारी कारखाना 'अलिम्को' कुबड्या, कॅलिपर, तीनचाकी आणि कृत्रिम अवयव तयार करतो. पहिले काम म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र. त्यासाठी बिदरच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. आपल्या ग्रामपंचायतीतील ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता अर्ज भरायला मदत करतो.

शिबिरात माप द्यायला जाल तेव्हा आपण काय काम करता ते तंत्रज्ञाला स्पष्ट सांगा : ढेकळांतून चालतो, उकिडवा बसतो, ओझे उचलतो. पाय हाती आल्यावर तेथेच चालून, बसून, उठून पाहा. टोचत असेल तर संकोच न करता सांगा आणि दुरुस्त करूनच घरी न्या. फुकट मिळालेला पायही कोपऱ्यात पडून राहिला तर त्याचा काय उपयोग?