वायरलेस टर्नटेबल घेताय? आधी घरातली पेटी उघडा

१९९२-९३ नंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्रा-कौशात राहायला आली. ठाण्याच्या राबोडीत, कल्याण-डोंबिवलीतही मुंबईहून आणि कोकणातून माणसे येत राहिली. घर बदलताना काहींनी भांडीकुंडी, बिछान्यांबरोबर दादा-नानांची रेकॉर्ड्सची पेटीही आणली. त्यात कव्वाली, नातेशरीफ, गझला, जुन्या सिनेमांची गाणी. वाजवायचे यंत्र मात्र केव्हाच भंगारात गेले. आता ब्लूटूथवाले टर्नटेबल बाजारात मिळू लागले आहेत आणि "अब्बांसाठी एक घेऊ या का?" असा विषय घराघरांत निघतो. रक्कम लहान नसते. शिवाय यंत्र चुकीचे निघाले तर पैशांबरोबर रेकॉर्डही जाते. सुईने घासलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

पेटीत आहे काय?

भारतातले पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. त्यात गौहर जान गायल्या. तिथून पुढे अनेक दशके मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांचे राज्य होते. मिरजेच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज अशाच तबकड्यांवरून महाराष्ट्राच्या घरांत पोहोचला. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची एलपी आली. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. आपल्याकडे मात्र एलपी आल्यावरही बरीच वर्षे ७८ च्या तबकड्या निघत होत्या. म्हणून जुन्या पेटीत दोन्ही सापडतात.

ओळखणे सोपे आहे. ७८ ची तबकडी बहुधा १० इंचांची, जड असते आणि हातातून पडली तर काचेसारखी फुटते. एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे गाणे. एलपी १२ इंचांची, हलकी आणि किंचित वाकणारी.

इथेच खरेदीचा निम्मा निकाल लागतो. सोनीचे पीएस-एलएक्स३१०बीटी आणि ऑडिओ-टेक्निकाचे एटी-एलपी६०एक्सबीटी ही दोन नावाजलेली वायरलेस मॉडेले फक्त ३३⅓ आणि ४५ या वेगांवर चालतात. ७८ ची तबकडी त्यांवर वाजत नाही. काही यंत्रांवर ७८ चा वेग असतो, पण नुसत्या वेगाने भागत नाही. त्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते आणि तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते.

सुईचा भार

स्वस्तातले, सुटकेससारखे दिसणारे प्लेअर आकर्षक असतात. त्यांतल्या अनेकांत सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि सुईचा भार ५ ग्रॅमच्या आसपास जातो. चांगल्या कार्ट्रिजमध्ये तो २ ते ३.५ ग्रॅम असतो. जुनी, दुसरीकडे न मिळणारी रेकॉर्ड वाजवायची असेल तर हा फरक फार महत्त्वाचा आहे. सुईचे आयुष्यही साधारण ३०० ते ५०० तासांचे. तेव्हा बदली सुई सहज मिळते का, हे घेण्याआधीच विचारा.

वायरलेस म्हणजे नेमके काय?

रेकॉर्डवरचा आवाज यंत्रात डिजिटल होतो, दाबून लहान केला जातो आणि ब्लूटूथने स्पीकरकडे जातो. म्हणजे "अस्सल रेकॉर्डचा आवाज" या जाहिरातीत थोडे पाणी आहे. तरी वन-बीएचकेमधल्या रोजच्या ऐकण्याला हा आवाज पुरेसा असतो. फायदेही आहेत. भिंतीवरून वायर ओढावी लागत नाही. मुले अभ्यासाला बसली असतील तर दादाजान हेडफोन लावून ऐकू शकतात. पल्ला साधारण १० मीटरचा, पण मध्ये भिंत आली की तो कमी होतो.

मात्र वायरने जोडायची सोयही हवीच. वर सांगितलेल्या दोन्ही यंत्रांत ती आहे. मागे "फोनो/लाइन" असे बटण असते. साध्या स्पीकरला जोडताना ते "लाइन"वर ठेवावे, नाहीतर आवाज अगदी बारीक येतो.

दुकानात ऐकताना

फार जिवापाड नसलेली एक कव्वालीची रेकॉर्ड सोबत न्या. हार्मोनियमचा लांबलेला सूर नीट ऐका. तो डुलत असेल तर यंत्राचा वेग स्थिर नाही. टाळ्या फाटल्यासारख्या वाटतात का, ते पाहा. मग सुई मधल्या गोल कागदाजवळच्या शेवटच्या गाण्यावर ठेवा. साधे यंत्र तिथेच अडखळते. हेच सगळे आधी वायरने आणि मग ब्लूटूथने ऐका.

घरी आणल्यावर

रुळांजवळच्या इमारतीत लोकल गेली की कपाटही थरथरते. त्यामुळे टर्नटेबल भिंतीला पक्क्या बसवलेल्या फळीवर ठेवा. स्पीकर त्याच फळीवर नको. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा. आडव्या थप्पीने त्या वाकतात. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून जुनी ओलसर कव्हरे बदला. ७८ च्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीच लावू नका, त्याने लाख विरघळते.

मग घ्यावे का?

पेटीत एलपी असतील आणि घरात ऐकणारे कोणी असेल तर जरूर घ्या. हलका भार, बदलता येणारी सुई आणि वायरची सोय या तीन गोष्टी आधी पाहा, ब्लूटूथ नंतर. ७८ च्याच तबकड्या जास्त असतील तर हे यंत्र घेऊ नका. योग्य सुई असलेल्या जाणकाराकडून त्या एकदा संगणकावर उतरवून घ्या. एलपीसाठी हे काम घरीही होते, कारण सोनीच्या वरील मॉडेलला यूएसबी जोडणी आहे. मग कुवेत-दुबईतल्या मुलांनाही नानांची आवडती कव्वाली पाठवता येईल. आणि पेटीच नसेल, नुसती हौस असेल, तर फोन आणि चांगला स्पीकर पुरे.

तोवर एक करा. जागा अडते म्हणून ती पेटी भंगारवाल्याला देऊ नका. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल, तबकडी मिळेलच असे नाही.